एकामागून एक गायी उलटतायत? गोठवलेलं रेत कुठे बिघडतं ते असं शोधा

गोव्यातल्या सत्तरी, डिचोली, धारबांदोडा या पट्ट्यात मी कृत्रिम रेतनाचं काम करतो. एप्रिल-मेमध्ये आणि पुन्हा पावसाळ्यात एकच तक्रार ठरलेली: "भाऊ, इंजेक्शन (म्हणजे रेतन) देऊन तीन आठवडे झाले, गाय परत माजावर आली." एखादी गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता परत माजावर आली, तर त्यात नवल नाही. शेतावरच्या रेतनात एका खेपेला शंभरातल्या पस्तीस-चाळीस गायी गाभण ठरल्या तरी काम ठीक चाललंय असं धरतात. पण वेगवेगळ्या गोठ्यांतल्या, वेगवेगळ्या वेतांतल्या गायी एकाच सुमारास उलटायला लागल्या, तर गायींकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. रेतकांडीला, म्हणजे रेत भरलेल्या बारीक नळीला, वाटेत कुठेतरी नको ती थंडी किंवा नको ती ऊब लागलेली असते. हा दोष मी पुन्हा पुन्हा शोधून काढला आहे, म्हणून कुठून सुरुवात करायची आणि कुठे हात आवरायचा ते क्रमाने लिहितो.

लक्षणे

- गाय बरोबर १८ ते २४ दिवसांनी पुन्हा माज दाखवते. चक्र नियमित, सोट (माजातला चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ, गाय धडधाकट.
- असं एका गोठ्यात नाही, चार-पाच गोठ्यांत होतं, आणि त्या सगळ्यांना रेत द्रव नायट्रोजनच्या एकाच कंटेनरमधून गेलेलं असतं.
- म्हशी गायींच्या आधी उलटायला लागतात. रेड्याचं रेत गोठणं-वितळणं वळूच्या रेतापेक्षा कमी सोसतं, त्यामुळे कंटेनर बिघडायला लागला की पहिली खूण तिथे दिसते.
- नायट्रोजन नेहमीपेक्षा लवकर संपतो. कंटेनरच्या मानेला किंवा अंगाला बाहेरून पाणी सुटतं, कधी पांढरा बर्फ धरतो.
- कांडी कोमट पाण्यात सोडताच तडकते किंवा तिचं बूच उडतं.
- सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर पुढे धावणारे शुक्राणू थोडे, बाकीचे जागच्या जागी थरथरणारे किंवा गोल गोल फिरणारे.

ही लक्षणं नसतील तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. गाय ३५ किंवा ५० दिवसांनी उलटली, सोटात पू किंवा दुर्गंधी आहे, गाय गाभडली, एकाच गोठ्यातली एकच गाय परत परत उलटते, तर थेट पशुवैद्यांना बोलवा. तिथे रेत तपासण्यात वेळ घालवू नका.

मुळात बिघडतं काय

हे समजलं की पुढची प्रत्येक तपासणी का करायची ते आपोआप कळतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

शुक्राणूच्या अंगावर अतिशय पातळ आवरण असतं. ते मुख्यतः स्निग्ध पदार्थांचं, आणि त्यात प्रथिनं बसवलेली. शरीराच्या उष्णतेला, म्हणजे ३७-३८ अंशाला, ते मऊ आणि हलतं असतं. पारा उतरायला लागला की त्यातले काही स्निग्ध पदार्थ आधी थिजतात, काही नंतर. डिसेंबरच्या सकाळी बाटलीतलं खोबरेल जसं अर्धं घट्ट, अर्धं पातळ होतं तसंच. फरक एवढाच की खोबरेल उन्हात ठेवलं की पहिल्यासारखं होतं. शुक्राणूचं आवरण होत नाही. थिजताना प्रथिनं बाजूला सरकतात, मध्ये फटी राहतात, त्या फटींतून कॅल्शियम आत शिरतं आणि शुक्राणूला वाटतं की बीजाजवळ पोचलो. जे काम त्याने गाईच्या नळीत करायचं ते तो कांडीतच सुरू करतो आणि लवकर संपतो. शिवाय शुक्राणूच्या अंगात डागडुजी करायला जवळपास काहीच नसतं. एकदा फाटलं ते फाटलं.

अचानक थंडी लागून होणारी ही इजा, म्हणजे शीत आघात, सगळ्यात जास्त होते ती साधारण २० अंशापासून ५ अंशापर्यंतच्या उतरणीवर. आवरणात कोलेस्टेरॉल कमी आणि असंतृप्त स्निग्ध पदार्थ जास्त असले की इजा जास्त. डुकराचं रेत म्हणूनच सगळ्यात नाजूक, मेंढा आणि वळू त्याखालोखाल, तर सशाचं बरंच सोशीक. रेत केंद्रात हा टप्पा घाईने ओलांडत नाहीत. रेतात अंड्याचा बलक किंवा तशाच कामाचा दुसरा पदार्थ घालतात, हळूहळू ४-५ अंशावर आणतात, काही तास तिथेच स्थिरावू देतात. बलक आवरणाला सांभाळतो हे १९४० च्या सुमारास कळलं. पण खरं गोठवणं जमलं ते १९४९ नंतर. ग्लिसरॉल घातलं तर शुक्राणू गोठूनही जगतात हे त्या वर्षी इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी दाखवून दिलं.

शून्याखाली गेल्यावर धोका बर्फाचा. बर्फ आधी बाहेरच्या पाण्यात धरतो. उरलेलं पाणी खारट होत जातं आणि शुक्राणूतलं पाणी ओढून घेतं. फार सावकाश थंड केलं तर तो खारटपणाने जातो, फार वेगाने केलं तर पेशीच्या आतच बर्फाचे स्फटिक होतात. वितळताना हीच वाट उलट दिशेने चालायची असते. रेंगाळलात तर बारीक स्फटिक एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि आवरण फाडतात.

उणे १३० अंशाच्या खाली मात्र काही हलत नाही. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशावर असतो, तिथे बुडालेली कांडी दशकानुदशकं टिकते. म्हणजे शुक्राणू कंटेनरच्या तळाशी मरत नाहीत, तळापासून गर्भाशयापर्यंतच्या वाटेवर मरतात. आपण तपासायची ती ही वाट.

१. नोंदवही उघडा

खर्च शून्य, आणि माझ्या अनुभवात निम्मा उलगडा इथेच होतो. उलटलेल्या आणि गाभण राहिलेल्या, दोन्ही प्रकारच्या गायी एका कागदावर काढा. समोर वळूचा क्रमांक, कांडीवरची गोठवण्याची तारीख, कंटेनर भरल्याची तारीख, रेतनाची वेळ, आणि कांडी वितळवल्यापासून रेतनापर्यंत किती मिनिटं गेली ते लिहा.

मग बघा. उलटलेल्या बहुतेक गायींना एकाच वळूचं, एकाच तारखेचं रेत गेलंय? मग त्या तारखेच्या कांड्या बाजूला काढा आणि जिथून आल्या तिथे कळवा. सगळ्याच वळूंचं रेत उलटतंय, तेही एका ठराविक तारखेनंतर? मग त्या तारखेला कंटेनरचं काय झालं ते आठवा. कांड्या दुसऱ्या कंटेनरमध्ये हलवल्या होत्या का, नायट्रोजनची गाडी उशिरा आली होती का? फक्त लांबचे गोठे उलटतायत, तर वितळवलेली कांडी घेऊन तुम्ही प्रवास करताय. फक्त दुपारची रेतनं उलटतायत, तर गन (रेत सोडायची स्टीलची लांब नळी) तापतेय.

वेळेचा मुद्दा इथेच तपासून घ्या. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण तो गोठवलेल्या रेताला जास्त कडकपणे लागू पडतो हे थोड्यांच्या लक्षात असतं. गाईचं बीज माज संपल्यावर साधारण १० ते १२ तासांनी सुटतं. ताजं रेत तोवर तग धरतं. गोठून वितळलेल्या शुक्राणूचं आवरण आधीच पिकलेलं असतं, तो गाईच्या अंगात कमी तास जगतो. गोठेवाल्या काकी पहाटे पाचला फोन करतात आणि आपण सहाला हजर होतो, यात आपली तत्परता दिसते, पण गाय उलटते.

२. वितळवायच्या पाण्यात थर्मामीटर घाला

किरकोळ खर्चाची वस्तू आहे. पाणी ३७ अंश, वेळ निदान ३० सेकंद. हे दोन आकडे पाळले जात नसतील तर पुढची कुठलीही तपासणी करू नका, आधी हे नीट करा.

आपल्याकडे गंमत अशी की नळाचं पाणी वर्षातले बरेच महिने २७-२९ अंशाला असतं, हाताला गारही लागत नाही, म्हणून "चालेल" असं वाटतं. चालत नाही. त्या पाण्यात कांडी हळू वितळते आणि स्फटिक मोठे व्हायच्या पट्ट्यात जास्त वेळ राहते. खिशात, मुठीत, काखेत कांडी वितळवणं त्याहून वाईट.

दुसरं टोक न्हाणीघरातलं. गोठ्यावर पोचलं की घरातली बाई भाणातलं (पाणी तापवायच्या भांड्यातलं) कढत पाणी तांब्यात आणून देते, आपण त्यात थंड ओततो आणि बोट बुडवून ठरवतो. ४५ अंशाचं पाणीसुद्धा हाताला नुसतं बरं, ऊबदार लागतं. त्यात कांडी थोडा वेळ जास्त राहिली तर शुक्राणू भाजून निघतात. लहान तोंडाचा थर्मास ठेवा, थर्मामीटर त्यातच राहू द्या. आणि थर्मामीटर खरा बोलतो का ते एकदा ताप मोजायच्या थर्मामीटरशी, त्याच्या मापाच्या आत, ताडून बघा. दोन अंशांनी चुकणारे मला पुष्कळ भेटलेत.

एका वेळी एकच कांडी वितळवा. दोन गायी असतील तर पहिलीचं रेतन झाल्यावर दुसरी काढा. मूठभर कांड्या एकदम टाकल्या तर त्या एकमेकींना चिकटतात आणि मधल्या वेगळ्याच गतीने वितळतात. एकदा वितळलेली कांडी परत नायट्रोजनमध्ये टाकणं म्हणजे ती कचऱ्यात टाकणं, फक्त कुणाला न कळता.

३. वितळल्यानंतरची पंधरा मिनिटं

कांडी पाण्यातून काढली की कोरडी पुसा, एक थेंबही राहू नये. साधं पाणी रेतात मिसळलं तर शुक्राणू पाणी शोषून फुगतात आणि त्यांच्या शेपट्या वळतात. हवेची पोकळी सीलच्या टोकाला आणून तिथे काटकोनात कापा. तिरकी कापली तर शीथमध्ये (गनवर चढवायच्या प्लास्टिकच्या आवरणात) नीट बसत नाही आणि अर्धं रेत मागे गळतं. मग साधारण १५ मिनिटांच्या आत रेतन व्हायला हवं.

आता आपल्या हवेचा प्रश्न. कांडीत पाव मिलिलिटर रेत असतं. एवढंसं द्रव आजूबाजूच्या हवेशी काही सेकंदांत जुळतं. मे महिन्यात दुचाकीच्या डिकीत पडलेली स्टीलची गन हाताला चटका देते. तीत कांडी भरली की पाण्याचं तापमान कितीही बरोबर ठेवलं असलं तरी उपयोग नाही. उलट, डिसेंबर-जानेवारीत मोले-धारबांदोड्याकडे पहाटे पारा २० च्या खाली जातो, गन थंडगार असते, आणि नुकतं ३७ अंशावर आणलेलं रेत पुन्हा शीत आघाताच्या पट्ट्यात उतरतं. पावसाळ्यात ओल्या कांडीवरून वारा गेला तरी तेच. गाडीतला एसी विसरू नका. एसीच्या झोताखाली डॅशबोर्डवर ठेवलेली गन जानेवारीच्या पहाटेइतकीच थंड असते.

उपाय साधा आहे. गन कापडाने घासून कोमट करा, भरली की शीथसकट शर्टाच्या आत, अंगाला लावून गाईपर्यंत न्या. उन्हाळ्यात गन पिशवीत गुंडाळून सावलीत ठेवा. रेत गर्भाशयाच्या मुखाच्या थोडं पुढे, गर्भाशयाच्या अंगात सोडा, हळू, पाचेक सेकंद घेऊन.

लिंगनिश्चित रेत, म्हणजे कालवडीच व्हाव्यात म्हणून निवडलेलं, वापरत असाल तर हे सगळं दुप्पट काळजीने करा. साध्या मात्रेत साधारण २ कोटी शुक्राणू असतात. त्या मात्रेत पुष्कळ कमी, वीस-चाळीस लाखांच्या घरात, आणि यंत्रातून गेल्यामुळे आधीच थकलेले. साधी कांडी थोडी चूक पोटात घालते, ती घालत नाही.

४. कॅनिस्टर (कंटेनरमधला कांड्यांचा डबा) किती वेळ वर धरताय ते मोजा

यालाही पैसे लागत नाहीत, पण दुसऱ्या माणसाला शेजारी उभं करावं लागतं. स्वतःचं स्वतःला मोजता येत नाही.

गेल्या काही वर्षांत ज्या कंटेनरचं सगळंच रेत खराब निघालं, त्यांतल्या बहुतेकांत दोष इथे होता. एका दूध सोसायटीच्या मागच्या खोलीत मी एका तरुण तंत्रज्ञाच्या बाजूला उभा राहिलो. त्याने कॅनिस्टर थेट कंटेनरच्या तोंडापर्यंत उचलला, एका हातात मोबाईलचा टॉर्च, दुसऱ्या हाताने चिमट्यात एकेक कांडी धरून तिच्यावरची पुसट अक्षरं वाचायला लागला. हवा तो वळू मिळेना. कांडी आत, दुसरी बाहेर. मी मनातल्या मनात पंचवीस मोजले तरी कॅनिस्टर वरच. वर पंखा चालू. त्याचं पाण्याचं तापमान अचूक होतं, गन कोमट होती, हात सफाईदार होता, आणि त्या कॅनिस्टरमधली प्रत्येक कांडी रोज थोडी थोडी मरत होती.

कंटेनरच्या मानेत खालपासून वरपर्यंत तापमान भराभर बदलतं. तळाशी उणे १९६, तोंडाशी जवळजवळ खोलीइतकं. मानेच्या वरच्या भागात धरलेली कांडी काही सेकंदांत उणे १३० च्या वर येते, स्फटिक वाढायला लागतात. खाली सोडली की पुन्हा घट्ट होते, बाहेरून बघून काही कळत नाही. पण झालेली इजा जमा होत राहते. जी कांडी तुम्ही आज वापरलीच नाही ती पुढच्या महिन्यात उलटते, म्हणून दोष कधी कुणाच्या लक्षात येत नाही.

कॅनिस्टर मानेच्या कडेपासून निदान ५ सेंटिमीटर खालीच राहिला पाहिजे आणि ५ ते ८ सेकंदांत काम आटपलं पाहिजे. नाही आटपलं, तर खाली सोडा, उकळी शांत होईपर्यंत थांबा, मग परत उचला. कुठल्या कॅनिस्टरमध्ये, कुठल्या रंगाच्या गॉब्लेटमध्ये (कॅनिस्टरमधल्या छोट्या पेल्यात) कुठला वळू आहे याची यादी झाकणाजवळ चिकटवा, म्हणजे शोधाशोध बाहेरच संपते. लांब चिमटा आधी आत धरून थंड करून घ्या. टॉर्च कपाळाला बांधा. पंखा बंद, दार-खिडकीचा वारा नको, ऊन तर नकोच. एका कंटेनरमधून दुसऱ्यात कांड्या हलवताना दोन्ही कंटेनर भरलेले आणि एकमेकांना खेटून हवेत, आणि गॉब्लेट एका झटक्यात, तीन-चार सेकंदांत, पलीकडे गेला पाहिजे.

श्वेत कपिलेचं, आपल्या गोव्याच्या नोंदणीकृत जातीचं, रेत तुमच्या हाती आलं तर ते वेगळ्या कॅनिस्टरमध्ये ठेवा आणि रोजच्या उचलाउचलीपासून दूर ठेवा. ही माझी मनापासून विनंती आहे. परदेशी जातीच्या वळूची कांडी उद्या परत मागवता येईल, हिच्याबद्दल तसं गृहीत धरता येत नाही.

५. नायट्रोजनची पातळी आणि कंटेनरची तब्येत

लाकडी किंवा प्लास्टिकची भरीव पट्टी तळाला टेकवा, दहाएक सेकंद ठेवा, बाहेर काढून हवेत हलवा. पांढरं दव धरेल तेवढी पातळी. पोकळ नळी कधीच घालू नका, तिच्यातून नायट्रोजन उसळून तोंडावर येतो. आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी मोजून लिहा. मोठ्या कंटेनरमध्ये पट्टीवर १५ सेंटिमीटर उरले की मी भरून घेतो, आणि ५ सेंटिमीटरच्या खाली गेलेल्या कंटेनरमधली कांडी तपासल्याशिवाय वापरत नाही. पावसाळ्यात गाडी कधी येईल याचा भरवसा नसतो, तेव्हा आधीच भरा.

आकड्यापेक्षा महत्त्वाचा आहे तो घटण्याचा वेग. दर आठवड्याला सारखं घटत असेल तर कंटेनर ठीक. अचानक वेग वाढला तर आधी झाकणाचा फोम झिजलाय का बघा, तो बदलणं सोपं आहे. झाकण हवाबंद करू नका, वाफ बाहेर पडायला वाट हवीच, फडकी कोंबली तर आत दाब वाढतो. झाकण ठीक असूनही घट वाढली आणि बाहेरून पाणी किंवा बर्फ धरायला लागला, तर दोन भिंतींमधली निर्वात पोकळी गेली आहे. खड्ड्यांच्या रस्त्यावर आडवा पडलेला किंवा मानेवर हिसका बसलेला कंटेनर असाच जातो. इथे थांबा. कांड्या ताबडतोब दुसऱ्या भरलेल्या कंटेनरमध्ये हलवा. निर्वात पोकळी घरी दुरुस्त होत नाही, एम-सील लावून तर नाहीच.

आणि जिवाचं एक. एक लिटर द्रव नायट्रोजनची जवळपास ७०० लिटर वाफ होते. नायट्रोजनला ना वास ना रंग, जी पांढरी वाफ दिसते ती हवेतल्या पाण्याची. पावसात व्हॅनच्या काचा बंद करून मोठा कंटेनर नेणं म्हणजे गाडीतला प्राणवायू हुसकावून लावणं. काच उघडी ठेवा, भिजलात तरी चालेल. ओतताना चष्मा आणि सैल हातमोजे, पायात सँडल नको.

डुकराच्या रेताचं वेगळं आहे

सासष्टी, केपे, काणकोणकडून हा प्रश्न येतो म्हणून थोडक्यात. डुकराचं रेत बहुतेक वेळा गोठवत नाहीत, पातळ करून द्रवरूपातच १५ ते १८ अंशावर ठेवतात आणि ठरलेल्या मोजक्या दिवसांत वापरतात. ते घरच्या फ्रीजमध्ये ठेवलं की संपलं. तिथले चार अंश म्हणजे त्या रेताला सरळ शीत आघात. बाटली बर्फाच्या पिशवीला चिकटून आली तरी तेच. माद्या सगळ्या उलटत असतील तर पहिला प्रश्न हाच विचारा: रेत कुठे ठेवलं होतं? थर्मोकोलच्या पेटीत कमाल-किमान तापमान दाखवणारा थर्मामीटर ठेवा, रात्री वीज गेली होती का ते सकाळी त्यावर कळतं.

६. सूक्ष्मदर्शक

इथवर सगळं बरोबर असूनही गायी उलटत असतील तरच. हे काम पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा प्रयोगशाळेत करून घ्या, गोठ्यावर नको. कारण काच थंड असेल तर त्या काचेवरच रेताला शीत आघात होतो आणि चांगली कांडी वाईट दिसते. काच, आवरणाची काच आणि खालचा मंच, तिन्ही ३७ अंशावर हवेत. वितळल्यावर निदान ५० टक्के शुक्राणू सरळ पुढे धावले पाहिजेत, रेत केंद्रातून मात्रा बाहेर पडायला आपल्याकडे हाच निकष आहे.

एकच कांडी नेऊ नका. संशयित कंटेनरमधून दोन-तीन वेगवेगळ्या वळूंच्या न्या, आणि त्याच वळूची, त्याच तारखेची कांडी दुसऱ्या कंटेनरमधून मिळाली तर तीही न्या. दोन्हीकडची खराब असेल तर दोष आला तिथूनच. तुमचीच खराब असेल तर तुमच्या कंटेनरमध्ये किंवा उचलण्यात. आणि लगेचची हालचाल चांगली दिसली म्हणून खूश होऊ नका. तोच नमुना ३७ अंशावर तासभर ठेवून परत बघायला सांगा. डोक्यावरची टोपी आणि आवरण दुखावलेला शुक्राणू पहिली काही मिनिटं छान पळतो. टोपी शाबूत आहे का ते रंग देऊन आणि आवरण शाबूत आहे का ते फिक्या द्रावणात फुगवून तपासता येतं, पण ते प्रयोगशाळेचं काम.

कुठे थांबायचं

तिसऱ्या खेपेलाही उलटलेली गाय चौथ्यांदा भरवू नका, पशुवैद्यांकडून तिचं गर्भाशय आणि बीजांड तपासून घ्या. दुकानातून संप्रेरकाचं इंजेक्शन आणून स्वतः देऊ नका. गाभण गाईला ते पडलं तर गर्भ जाऊ शकतो. गाय गाभडली असेल तर वारेला उघड्या हाताने शिवू नका, ब्रुसेला हा गायींना गाभडवणारा आजार माणसालाही होतो. वासरं आणि कुत्री लांब ठेवा, डॉक्टर येईपर्यंत गोठ्यातल्या दुसऱ्या गाईलाही हात लावू नका.

नायट्रोजन अंगावर सांडला तर चोळू नका, कोमट पाण्यात धरा आणि दवाखान्यात जा. डोळ्यात गेला तर वाटेत कुठेही थांबू नका. कंटेनरच्या खोलीत कुणी बेशुद्ध पडलेलं दिसलं तर धावत आत शिरू नका, दारं-खिडक्या बाहेरून उघडा आणि १०८ ला फोन करा.

कंटेनर रिकामा पडला होता हे नंतर कळलं, तर त्यातल्या कांड्या "बघू लागतंय का" म्हणून वापरू नका. एका चुकलेल्या माजामागे गोठेवाल्याचे तीन आठवडे जातात, आणि दूध आटलेल्या गाईला तेवढे दिवस चारा-पेंड चालूच असते.

डॉक्टरांना किंवा रेत पुरवणाऱ्यांना फोन करताना हाताशी ठेवा: उलटलेल्या गायींची यादी तारखांसकट, कांडीवरचा वळूचा क्रमांक आणि गोठवण्याची तारीख, गेल्या दोन महिन्यांच्या नायट्रोजनच्या पातळ्या, आणि वितळवायच्या पाण्याचं मोजलेलं तापमान. वापरलेल्या कांड्यांची रिकामी नळी फेकू नका, नोंदवहीत चिकटवून ठेवा. तिच्यावरची अक्षरं वाचता आली तर शोध एका दिवसात लागतो.